परदेशी शाळांच्या सहकार्यातून हवामान बदलाचे शिक्षण: सांगली परिसरातील शिक्षक व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णा, वारणा, येरळा आणि माणगंगा यांच्या खोऱ्यांतील माध्यमिक शाळांत आठवी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांना हवामान बदल शिकवताना परदेशातील शाळेबरोबर संयुक्त प्रकल्प करावा, असे अनेक शिक्षकांच्या मनात असते. त्यांच्याकडून, मुख्याध्यापकांकडून आणि पालकांकडून सातत्याने येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती सांगली जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. सातारा जिल्ह्यातील शाळांनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडतील.

या उपक्रमात नेमके काय केले जाते?

दोन देशांतील दोन वर्ग काही आठवडे एकाच प्रश्नावर काम करतात. दोन्हीकडचे विद्यार्थी आपापल्या परिसरातील पाऊस, तापमान, पिके, पाणीपातळी किंवा झाडांचा फुलोरा यांच्या नोंदी घेतात, घरातील वडीलधाऱ्यांशी बोलतात, जुनी आकडेवारी पाहतात आणि हाती लागलेली माहिती एकमेकांना पाठवतात. त्यानंतर ते एकमेकांच्या माहितीवर प्रश्न विचारतात. आमच्या मते या प्रश्न विचारण्यातच उपक्रमाचा खरा लाभ आहे. दोन्ही देशांचे झेंडे लावून, स्वागतगीत म्हणून, एकमेकांना हात हलवून संपणाऱ्या व्हिडिओ कॉलला आम्ही सहकार्य मानत नाही. तसा कार्यक्रम करायला हरकत नाही, परंतु त्यातून हवामान बदलाविषयी फारसे काही शिकून होत नाही.

हवामान बदल आपले शिक्षक शिकवू शकतात. मग परदेशी शाळा कशाला हवी?

शिक्षक तो उत्तम शिकवू शकतात आणि पाया त्यांनीच घालायचा आहे. मात्र आपल्या गावातील पूर किंवा दुष्काळ हा मुलांना आपल्या गावापुरता वाटतो. त्यामागची भौतिक प्रक्रिया जगभर एकच आहे, हे समवयस्क मुलांच्या तोंडून ऐकल्यावर जितके पटते, तितके पाठ्यपुस्तकातील परिच्छेदातून पटत नाही.

जुलै 2021 चेच पाहा. त्या महिन्याच्या 14 आणि 15 तारखेला पश्चिम जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात अतिवृष्टीने हाहाकार उडवला. त्या पुराने जर्मनीत 180 हून अधिक लोकांचे प्राण घेतले. त्यानंतर आठवडाभरातच, 22 जुलैच्या सुमारास, महाबळेश्वरला चोवीस तासांत 590 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, पाटण तालुक्यात दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या, चिपळूण बुडाले आणि सांगलीत कृष्णेचे पाणी पुन्हा पेठांत शिरले. त्या वेळी प्राथमिक शाळेत असलेली दोन्हीकडची मुले आज किशोरवयात आहेत. त्यांना एकमेकांशी बोलायला विषय शोधावा लागत नाही.

पलूस तालुक्यातील नदीकाठच्या एका शाळेत नववीच्या मुलींनी वर्गाच्या भिंतीवरचा पुराचा डाग जमिनीपासून टेपने मोजला, त्याच्या बाजूला आपल्यातील सर्वांत उंच मुलीला उभे केले आणि तो फोटो पलीकडच्या वर्गाला पाठवला. डाग तिच्या डोक्याच्याही वर होता. जर्मनीतील वर्गाकडून पहिला प्रश्न आला तो असा: पाणी किती तासांत चढले आणि किती दिवसांनी उतरले? त्यांच्याकडे पाणी एका रात्रीत चढून उतरले होते. आपल्याकडे ते कित्येक दिवस मुक्काम ठोकून होते. डोंगरातील अरुंद दरीतला पूर आणि सपाट खोऱ्यातला पूर यांतील फरक त्या मुलींना या एका प्रश्नामुळे समजला. पुढे भूगोलाच्या तासाला त्यांनी स्वतः नकाशावर कृष्णेचा उतार तपासला.

2019 चा महापूर हवामान बदलामुळेच आला का, असे विद्यार्थी विचारतात. काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न टाळू नये आणि त्याला एका शब्दात उत्तरही देऊ नये. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तेथील इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2005 आणि 2021 मध्येही पाण्याने 50 फुटांची रेषा ओलांडली होती. या पुरांमागे कारणांची साखळी आहे. पाणलोट क्षेत्रात थोड्या दिवसांत झालेला विलक्षण पाऊस, कोयना आणि वारणेची धरणे भरत आल्यावर करावा लागलेला विसर्ग, संगमांजवळ पाण्याला येणारी फूग (पाणी पुढे न सरकता मागे तुंबणे), नदीपात्रातील आणि ओढ्या-नाल्यांवरील अतिक्रमणे, पूररेषेच्या आत झालेली बांधकामे, आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्याविषयी दोन राज्यांत चालणारा वाद, हे सर्व मुलांच्या कानावर घरीदारी पडतच असते. 2019 नंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समितीही नेमली होती.

या साखळीत हवामान बदलाची जागा कोठे आहे? ती पहिल्या कडीत, म्हणजे पावसाच्या तीव्रतेत आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते. अरबी समुद्र तापत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्यामुळे अशा पावसाची शक्यता वाढली आहे, असे आपण निश्चित म्हणू शकतो. विशिष्ट एका पुरात हवामान बदलाचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. आर खोऱ्याच्या पावसाबाबत तो लगेचच झाला आणि तापलेल्या हवामानामुळे तसा पाऊस होण्याची शक्यता 1.2 ते 9 पटींनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला. हा पल्ला एवढा मोठा का, यावर दोन्ही वर्गांची एक संपूर्ण चर्चा घेता येते. विज्ञान अनिश्चिततेसह कसे बोलते, हे किशोरांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला आढळलेले नाही.

सर्व दोष हवामान बदलावर टाकला तर ओढ्यात भराव घालणारा सुटतो, आणि सर्व दोष धरणावर टाकला तर कोळसा आणि तेल जाळणारे जग सुटते. शिक्षकाने यांपैकी कोणालाही सोडू नये.

परदेशी वर्गाशी बोलण्यापूर्वी विज्ञानाचा किती पाया झालेला असावा?

चार गोष्टी पक्क्या असाव्यात. पहिली म्हणजे हवा आणि हवामान यांतील भेद. आजचा वळीव ही हवेची स्थिती आहे. एखाद्या ठिकाणच्या साधारण 30 वर्षांच्या नोंदींच्या सरासरीवरून हवामान ठरते. यंदा मे महिन्यात गारठा होता म्हणून तापमानवाढ खोटी, असे म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात आणि त्यांना नम्रपणे उत्तर देता येणे हीदेखील मुलांची तयारीच आहे.

दुसरी गोष्ट हरितगृह परिणामाची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारखे हवेतील काही वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतात त्याची. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहे. हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी 1958 पासून सुरू केलेल्या अखंड मोजणीमुळे ही वाढ वर्षागणिक दिसते. त्या आलेखातील करवतीसारखे दाते उत्तर गोलार्धातील वनस्पतींच्या ऋतुचक्रामुळे पडतात, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. तिसरी गोष्ट अशी की 1850 ते 1900 च्या सरासरीच्या तुलनेत 2011 ते 2020 या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे 1.1 अंशाने अधिक होते आणि 2024 हे वर्ष 1.5 अंशाची पातळी ओलांडणारे पहिले वर्ष ठरले. 2015 च्या पॅरिस करारातील 1.5 अंशाचे उद्दिष्ट दीर्घकालीन सरासरीचे असल्यामुळे एका वर्षाने ते कायमचे मोडले असे होत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

चौथी गोष्ट उपशमन आणि अनुकूलन यांतील फरकाची. वायूंचे उत्सर्जन घटवणे वेगळे आणि बदललेल्या परिस्थितीत तगून राहण्याची व्यवस्था करणे वेगळे. मुले झाडे लावणे हे एकच उत्तर सर्व प्रश्नांना देतात, कारण लहानपणापासून त्यांनी तेच ऐकलेले असते. वृक्षारोपण चांगलेच आहे, परंतु जाळलेल्या कोळशाची भरपाई शाळेच्या कुंपणालगतच्या रोपांनी होत नाही. हे आठवीतील मुलाला समजते आणि ते त्याला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

भागीदार शाळा कोठे शोधावी?

शिक्षकांसाठी काही जुनी आणि स्थिरावलेली जाळी आहेत. युनेस्कोचे सहयोगी शाळांचे जाळे 1953 पासून चालू आहे. आयअर्न हे शाळा-शाळांतील संयुक्त प्रकल्पांचे जाळे 1988 पासून काम करते. अमेरिकेने 1990 च्या दशकाच्या मध्यात सुरू केलेल्या ग्लोब कार्यक्रमात नासा सहभागी असून अनेक देशांतील विद्यार्थी ठरावीक पद्धतीने हवा, पाणी, माती यांच्या नोंदी घेऊन त्या एका ठिकाणी भरतात. ई-ट्विनिंगचे नाव बरेच शिक्षक घेतात, परंतु ती व्यवस्था प्रामुख्याने युरोपातील शाळांसाठी आहे.

याशिवाय सोपा मार्ग माजी विद्यार्थ्यांचा आहे. परदेशात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्याची मुले ज्या शाळेत जातात, त्या शाळेतील एखाद्या भूगोल किंवा विज्ञान शिक्षकाशी ओळख होणे हे कोणत्याही संकेतस्थळावरील नोंदणीपेक्षा लवकर फळते. मात्र संस्थेशी संबंध जोडण्यापेक्षा एका उत्साही शिक्षकाशी जोडावा. प्रकल्प टिकतो तो दोन शिक्षक एकमेकांच्या निरोपांना वेळेवर उत्तर देतात म्हणून.

आमची एक आग्रहाची सूचना आहे. परदेशापूर्वी जिल्ह्यातच एक भागीदार वर्ग जोडावा. शिराळ्याच्या पश्चिमेला पावसाने भातशेती पिकते आणि त्याच जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठेमहांकाळ येथे टँकरची वाट पाहिली जाते. साताऱ्यातही महाबळेश्वर आणि माण यांत शंभरएक किलोमीटरचे अंतर असताना पावसात दहापटींचा फरक पडतो. पलूसच्या मुलाला जतच्या मुलाचा उन्हाळा ठाऊक नसेल, तर केनियाच्या मुलाचा दुष्काळ त्याला कितपत समजेल? खानापूर-आटपाडीतील गलाई व्यावसायिकांची, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांची, कुटुंबे देशभरातील शहरांत पसरलेली आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळांशीही असा धागा जुळू शकतो.

कोणत्या देशातील शाळा निवडावी?

देशाच्या नावावर जाऊ नये. प्रश्न कोणता अभ्यासायचा आहे ते आधी ठरवावे. पूर हा विषय असेल तर नेदरलँड्सचा विचार करावा. 1953 च्या सागरी पुरात तेथे 1,800 हून अधिक माणसे बुडाली आणि त्यानंतर त्या देशाने बंधारे आणि दरवाजांची अवाढव्य व्यवस्था उभारली. पुढे मात्र केवळ भिंती उंच करण्याऐवजी नदीला पसरायला जागा देण्याचे धोरण त्यांनी तीसहून अधिक ठिकाणी राबवले. आपल्याकडील निळ्या आणि लाल पूररेषेचा, म्हणजे 25 आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या मर्यादेचा, नकाशा समोर ठेवून डच विद्यार्थ्यांशी चर्चा केल्यास आपल्या गावात नदीला कोणी किती जागा ठेवली आहे, याचा विचार मुले करू लागतात.

दुष्काळ अभ्यासायचा असेल तर केनियातील शाळा योग्य ठरेल. 2020 पासून तेथे लागोपाठ पाच पावसाळी हंगाम कोरडे गेले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी धावली, ही गोष्ट आपल्या मुलांनी त्यांना सांगावी आणि त्यांच्या पशुपालक समाजाने जनावरे कशी जगवली हे त्यांच्याकडून ऐकावे.

जपानबरोबर एक वेगळाच प्रकल्प करता येतो. क्योटो येथे चेरीच्या बहराच्या तारखांच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात आणि अलीकडच्या काळात तो बहर स्पष्टपणे लवकर येऊ लागला आहे. आपल्याकडे पळस, बहावा, आंब्याचा मोहर आणि कासच्या पठारावरील फुलांचा हंगाम यांच्या तारखा कोणीतरी सलग लिहून ठेवायला हव्यात. ही नोंदवही शाळेने सुरू केली, तर वीस वर्षांनी ती अमूल्य ठरेल.

वेळेचा आणि शालेय वर्षाचा मेळ कसा घालावा?

आपली शाळा जूनच्या मध्यात भरते, जर्मनीत उन्हाळी सुट्टी संपायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, जपानचे वर्ष एप्रिलमध्ये आणि केनियाचे जानेवारीत सुरू होते. युरोपातील शाळेबरोबर काम करायचे असेल तर सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सोयीचा पडतो. त्यात आपली सहामाही आणि दिवाळीची सुट्टी येते, हे पलीकडच्या शिक्षकांना आधीच कळवावे. तोवर जून ते सप्टेंबर आपल्या मुलांनी पावसाच्या नोंदी घेऊन ठेवाव्यात, म्हणजे देवाणघेवाण सुरू होताना हातात काहीतरी असते.

घड्याळाचे गणित कठीण नाही. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणजे आपल्या दुपारी दीड वाजता तेथे सकाळचे नऊ वाजतात. उन्हाळ्यात हा फरक साडेतीन तासांचा होतो. जपान साडेतीन तास पुढे आणि केनिया अडीच तास मागे आहे. अमेरिकेच्या शाळेबरोबर थेट संवादाचा हट्ट धरू नये; लिखित आणि ध्वनिमुद्रित देवाणघेवाणीवर भर द्यावा.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी बोलता येत नाही. त्यांना न्यूनगंड येणार नाही का?

कार्यक्रमाची रचना बोलण्यावर आधारलेली असेल तर येईल. ती मोजमापावर, नकाशांवर, छायाचित्रांवर आणि तक्त्यांवर आधारलेली असेल तर येणार नाही. बेदाणा शेडमधील रॅकवर द्राक्षे कशी पसरतात, ऐन वाळवणीत अवकाळी पाऊस आला तर काय होते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवेने डाऊनी हा बुरशीचा रोग कसा येतो, हे तासगावच्या शेतकऱ्याच्या मुलीइतके नीट त्या संवादात दुसरे कोणीच सांगू शकणार नाही. तिला ते आधी मराठीत सांगू द्यावे, वर्गाने मिळून त्याचे भाषांतर करावे. जर्मनी किंवा जपानच्या मुलांचीही इंग्रजी ही परकी भाषा आहे, हे कळल्यावर आपल्या मुलांची भीड चेपते. इंग्रजीचे शिक्षक या कामात सुरुवातीपासून सोबत असावेत. शेवटच्या दिवशी चुका दुरुस्त करण्यापुरते त्यांना बोलावू नये.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात कशाने करावी?

पर्जन्यमापकाने करावी. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सरळ भिंतीची प्लास्टिकची मोठी बाटली घ्यावी, तिचा वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे घालून पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरावे आणि तेथून मोजावे. बाटली उघड्यावर, आसपासच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावी. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठ वाजता पावसाची नोंद घेतो. मुलांनीही तीच वेळ पाळावी.

नोंद घेताना बारीक गोष्टींवर अडून बसावे. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहायचा असतो. पलीकडची शाळा वेगळी वेळ पाळत असेल, तर दोन तक्ते शेजारी ठेवल्यावर एक दिवसाचा घोळ होतो. हा घोळ मुलांना स्वतः सापडू द्यावा, कारण जगभरातील आकडे एकत्र करण्यापूर्वी मोजण्याची पद्धत एक असावी लागते, हे त्यातून त्यांना कायमचे समजते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे सूत्र सांगून शाळेच्या छपरावर किती पाणी पडले ते काढायला लावावे. दुष्काळी भागातील मुले ते उत्तर पाहून एकदम गप्प होतात आणि मग छपराच्या पन्हळीकडे बघू लागतात.

पुढचे पाऊल जुन्या नोंदींचे. तालुक्याची पर्जन्य आकडेवारी शासनाकडून मिळते, साखर कारखान्यांकडे आणि काही जुन्या शेतकऱ्यांच्या वह्यांतही नोंदी असतात. आयर्विन पूल 1929 पासून उभा आहे. पावसाळ्यात पाणी किती फुटांवर गेले, याची चौकशी सांगलीतील घरोघरी होते. त्या फुटांचे मीटर करून डच विद्यार्थ्यांना पाठवणे हाही एक धडा आहे. धोका पातळीचे 45 फूट म्हणजे सुमारे 13.7 मीटर होतात. मात्र ही उंची कशापासून मोजली आहे, हे पलीकडून विचारले जाणारच. त्याचे उत्तर शोधायला मुलांना पाटबंधारे कार्यालयात पाठवावे.

शाळेत संगणक कक्ष नाही, इंटरनेट धड चालत नाही. तरी जमेल का?

जमेल. शिक्षकाचा एक मोबाइल आणि आठवड्यातून एकदा पाठवलेले फोटो, तक्ते आणि दोन-तीन मिनिटांच्या ध्वनिफिती एवढ्यावरही काम चालते. थेट व्हिडिओ संवाद संपूर्ण प्रकल्पात दोनदा झाला तरी पुरे. टपालाने पाठवलेली हस्तलिखित पत्रे मुले फार जपून ठेवतात, असा अनुभव आहे.

अभ्यासक्रम आणि दहावीच्या परीक्षेचे काय?

प्रकल्पासाठी आठवी आणि नववी हे वर्ग सर्वांत योग्य आहेत, त्यानंतर अकरावी. दहावीच्या मुलांना नोंदी घेण्यापुरते सामील करावे. पालकांची काळजी रास्त आहे आणि तिच्याशी भांडण मांडू नये. हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. पर्यावरण शिक्षण शालेय स्तरावर अनिवार्य करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्येच दिले होते. महाराष्ट्रात नववी-दहावीला जलसुरक्षा आणि अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे. या विषयांचे प्रकल्प बहुतेक ठिकाणी बाजारातून आणलेल्या चित्रांच्या तक्त्यांनी भरले जातात, ही खेदाची बाब आहे. तेच तास आणि तेच गुण या कामाला दिले तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. भूगोल, विज्ञान, गणितातील सांख्यिकी आणि इंग्रजी या चार विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून घटक वाटून घ्यावेत.

मुलांची माहिती परदेशी लोकांच्या हाती जाते. सुरक्षिततेची काय काळजी घ्यावी?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालील व्यक्तीची वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती लागते. म्हणून सुरुवातीलाच पालक सभा घेऊन लेखी संमती घ्यावी. सर्व संवाद शिक्षकांच्या किंवा शाळेच्या खात्यावरून व्हावा. मुलांनी आपले मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता किंवा समाजमाध्यमांवरील खाती एकमेकांना देऊ नयेत, हा नियम दोन्ही शाळांनी मान्य केलेला असावा. फोटोखाली पूर्ण नाव लिहू नये. थेट संवादाच्या वेळी दोन्हीकडे शिक्षक हजर असावेत. विशेषतः मुलींच्या पालकांना हे सर्व नियम आधी समजावून सांगितले तर त्यांचा विरोध राहत नाही, उलट आई सभेला आवर्जून येते.

प्रदूषण श्रीमंत देशांनी केले. मग आपल्या मुलांना त्याचे धडे का द्यायचे?

हा प्रश्न गावच्या सभेत हमखास येतो आणि तो अगदी योग्य आहे. वर्षाकाठी एका माणसामागे होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन अमेरिकेत सुमारे 14 टन, जर्मनीत 7 टनांच्या आसपास, भारतात सुमारे 2 टन, तर केनियात अर्ध्या टनाहूनही कमी आहे. औद्योगिक काळापासून आजवर कोळसा, तेल आणि वायू जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्याचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आत आहे. दुसरीकडे, आजच्या एकूण वार्षिक उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा तिसरा क्रमांक लागतो. 1992 च्या रिओ परिषदेत मान्य झालेले ‘सामायिक परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व या सर्व आकड्यांना एकत्र धरून ठेवते.

हे आकडे मुलांनी पलीकडच्या वर्गासमोर निर्भीडपणे मांडावेत. त्यासाठी शिक्षकाने दोन्ही बाजूंची तयारी करून घ्यावी, म्हणजे जर्मन मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटणार नाही आणि आपल्या मुलाला दयेचा विषय झाल्यासारखे वाटणार नाही. परदेशातील वर्गाने आपल्या शाळेसाठी वह्या किंवा पैसे पाठवायची तयारी दाखवली, तर ती नम्रपणे नाकारावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मदतीचा ओघ एका बाजूने सुरू झाला की प्रश्न विचारण्याची बरोबरी संपते. त्याऐवजी दोन्ही वर्गांनी आपापल्या घरातील विजेचे बिल, प्रवास, इंधन आणि अन्न यांचा हिशेब मांडून तो शेजारी ठेवावा. आपल्यातही एकसारखेपणा नाही, हे त्यातून दिसते: सांगलीच्या विश्रामबागेतील वातानुकूलित घर आणि जतच्या वस्तीवरचे घर यांचे आकडे फार वेगळे येतात.

ज्या मुलांनी पुरात घर गमावले, त्यांना हा विषय त्रासदायक होणार नाही का?

होऊ शकतो. 2021 मध्ये भारतासह दहा देशांतील 16 ते 25 वयोगटातील 10,000 तरुणांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील 59 टक्क्यांनी हवामान बदलाविषयी अतिशय किंवा कमालीची चिंता वाटत असल्याचे सांगितले. आपल्या मुलांची चिंता तर आठवणीतून आलेली असते. कोणालाही आपली हकिगत सांगण्याची सक्ती करू नये. पुराचे फोटो दाखवण्यापूर्वी वर्गाला सांगावे आणि ज्याला बाहेर जायचे असेल त्याला जाऊ द्यावे. मुलाचे गप्प राहणे, पाऊस सुरू झाला की वर्गात लक्ष नसणे, झोप न लागणे अशा गोष्टी दिसल्या तर पालकांशी बोलून समुपदेशकाची मदत घ्यावी. बहुतेक मुलांना मात्र काम हाती आले की बरे वाटते. पुराच्या वेळी घरातील कागदपत्रे, औषधे आणि जनावरे कशी हलवावीत याची यादी तयार करणाऱ्या मुलांचा सूर बदललेला आम्हाला जाणवला आहे.

प्रकल्पातून काही ठोस कृती घडावी असे वाटते. काय घडू शकते?

कृती मुलांच्या आवाक्यातील आणि मोजता येण्याजोगी असावी. ऊसपट्ट्यातील शाळांसाठी पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, हा उत्तम विषय आहे. तोडणीनंतर शेतात पाचट पेटवून देण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तेच पाचट कुट्टी करून सरीत ठेवले तर ओल टिकते, जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढतो आणि धूरही होत नाही. मुलांनी दोन शेजारच्या रानांत मातीची ओल आणि तापमान मोजून आलेला फरक घरी सांगावा. वडील भाषणापेक्षा आपल्या रानातील आकड्यावर अधिक विश्वास ठेवतात. युरियाचा अतिवापर हाही असाच विषय आहे, कारण त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी दुष्काळी भागात पाणी पोहोचवले. ते पाणी उचलायला वीज किती लागते आणि त्यावर कोणते पीक घ्यावे, यावर मोठ्या वर्गांत अतिशय चांगला वाद होतो. अशा विषयांत शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये.

परदेश दौरा काढणे आवश्यक आहे का?

मुळीच नाही. खर्च मूठभर घरांनाच परवडतो आणि वर्गात दोन गट पडतात. शिवाय युरोपला जाऊन येण्याच्या एका विमानप्रवासात प्रत्येक प्रवाशामागे होणारे उत्सर्जन एका भारतीय माणसाच्या वर्षभराच्या सरासरीशी तुलना करण्याइतके असते, हे मुले लगेच हिशेब करून दाखवतात.

मुले काही शिकली की नाही, हे कसे ओळखावे?

प्रमाणपत्रे आणि फोटो यांवरून ते कळत नाही. प्रकल्पाच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच एक प्रश्न लेखी विचारावा, उदाहरणार्थ, ‘आपल्या तालुक्यातील पाऊस बदलला आहे का, आणि तुम्हाला ते कशावरून वाटते?’ पहिल्या वेळी उत्तरे ऐकीव असतात. दुसऱ्या वेळी मुलाने नोंदीचा, वर्षांचा किंवा आजोबांच्या वहीचा आधार दिला, पुरेशा नोंदी नाहीत म्हणून सांगता येत नाही असे लिहिले, किंवा पलीकडच्या वर्गाने दाखवलेला एखादा वेगळा अर्थ नोंदवला, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. उत्तरपत्रिका पलीकडच्या शिक्षकांनाही वाचायला पाठवाव्यात आणि पर्जन्यमापकाची वही पुढच्या वर्षी नव्या आठवीच्या वर्गाकडे सोपवावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती वही कोणाच्या ताब्यात द्यायची, हे मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वीच ठरवून ठेवावे, कारण पाऊस शाळा भरायची वाट पाहत नाही.